डोक्याला मार, कानातून रक्त, नाकातून पाणी : कवटीच्या तळाचं फ्रॅक्चर

गोरखचिंच (धागाकर्ता)

डोक्याला मार लागलेला माणूस कॅज्युअल्टीत आला की सगळ्यांचे डोळे कपाळावरच्या जखमेवर जातात. ती दिसते, टाके पडतात, नातेवाइकांच्या जिवात जीव येतो. कवटीचा तळ मात्र वरून दिसत नाही, आणि तिथली चीर बऱ्याचदा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ओळख देते. म्हणून हा धागा.

मेंदू ज्या हाडांवर टेकलेला असतो ती जमीन सपाट नाही. ती तीन पायऱ्यांची आहे. पुढची पायरी म्हणजे डोळ्यांचं आणि नाकाचं छप्पर. मधली दोन्ही बाजूंना कानाच्या हाडापर्यंत जाते. मागची सगळ्यांत खोल, आणि तिच्यातल्या मोठ्या भोकातून मज्जारज्जू खाली उतरतो. या जमिनीत भोकंच भोकं आहेत: वासाच्या नसांसाठी चाळणीसारखी पट्टी, डोळ्याच्या नसेची वाट, मेंदूला रक्त नेणाऱ्या कॅरोटिड धमनीचा बोगदा, ऐकण्याच्या आणि चेहऱ्याच्या नसेची नळी. मार डोक्याच्या माथ्याला लागला तरी हाडातला ताण कमकुवत जागा शोधत जातो, आणि ही भोकं म्हणजे त्याच जागा.

आता मुद्दा. माथ्याकडच्या हाडाला मेंदूचं बाहेरचं आवरण सैल चिकटलेलं असतं. तळाला ते घट्ट चिकटलेलं असतं. त्यामुळे तळाचं हाड तडकलं की आवरण बरोबर फाटतं. त्या फटीच्या दुसऱ्या बाजूला नाक, सायनस किंवा मधला कान, म्हणजे जंतूंची वस्ती. वरची कातडी शाबूत असली तरी आतून हे उघडं फ्रॅक्चर असतं. हाड सहसा आपोआप जुळतं, त्याला प्लास्टर लागत नाही आणि बहुतेकदा ऑपरेशनही लागत नाही. काळजी घ्यायची ती त्या फटीतून काय बाहेर येतंय, काय आत जातंय आणि वाटेतल्या नसा-धमन्यांचं काय झालंय याची.

बघायच्या खुणा:

दोन्ही डोळ्यांभोवती काळंनिळं वर्तुळ, डोळ्याला थेट मार नसताना. डोळ्याच्या पांढऱ्या भागात रक्त उतरलेलं असेल तर रुग्णाला बाजूला बघायला सांगा. त्या लालीची मागची कड दिसत नसेल तर रक्त मागून, खोबणीतून आलेलं आहे असं धरून चाला.

कानामागच्या हाडावर काळानिळा डाग. याला बॅटल्स साइन म्हणतात. हा डाग यायला साधारण १ ते २ दिवस लागतात. अपघातानंतर तासाभरात कानामागे काही दिसलं नाही म्हणून केसपेपरवर ‘तळाचं फ्रॅक्चर नाही’ असं लिहू नये.

कानातून रक्त किंवा पाणी. पडदा शाबूत असेल तर त्याच्यामागे साठलेलं रक्त ऑटोस्कोपने (कानात बघायच्या दुर्बिणीने) जांभळट दिसतं.

नाकातून पाण्यासारखा स्राव, बहुतेकदा एकाच नाकपुडीतून, वाकलं की वाढणारा, घशात उतरला तर खारट लागणारा.

यातली एकही खूण असली तर सीटी. ब्रिटनच्या नाइस मार्गदर्शिकेप्रमाणे अशी खूण दिसल्यापासून एका तासात डोक्याचा सीटी व्हायला हवा. सीटी कुणाला करायचा हे ठरवणाऱ्या २००१ च्या कॅनेडियन नियमातही जास्त धोक्याच्या ५ मुद्द्यांमध्ये ही खूण आहे. रुग्ण शुद्धीवर आहे, बोलतोय, चहा मागतोय, यामुळे यात फरक पडत नाही.

---

पायवाट

चांगला विषय. अ‍ॅम्ब्युलन्सच्या बाजूने जागेवरच्या गोष्टी लिहितो, कारण बरंच नुकसान तिथेच होतं.

कानातून रक्त येतंय म्हणून कापसाचा बोळा खुपसू नका. आतलं पाणी अडतं आणि बोळ्यावरचे जंतू आत जायला वाट मिळते. कोरडं निर्जंतुक गॉज कानावर सैल ठेवा, वरून हलकी पट्टी. भिजलं की बदला. किती वेळात किती भिजलं ते सांगता आलं तर हॉस्पिटलला उपयोग होतो.

नाक चिमटीत धरून रक्त थांबवायचा प्रयत्न करू नये. बेशुद्ध माणसाला कांदा हुंगवणं, तोंडात पाणी ओतणं, कानात कोमट तेल घालणं, हे सगळं बंद. पाणी थेट फुफ्फुसात जातं.

मान सरळ रेषेत. श्वासाची वाट मोकळी करताना डोकं मागे न झुकवता खालचा जबडा दोन्ही कोपऱ्यांना धरून पुढे उचलायचा. उलटी आली तर पूर्ण शरीर ओंडक्यासारखं एकत्र कुशीवर वळवायचं, डोकं एकटं नाही.

१०८ ला फोन करताना ‘कानातून रक्त येतंय’ हे शब्द वापरा, म्हणजे सीटीची सोय असलेल्या ठिकाणाचा विचार होतो. मदत करणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या १३४-अ कलमाचं संरक्षण आहे. नाव-पत्ता द्यायची सक्ती नाही.

---

रात्रपाळी

रायल्स ट्यूबबद्दल (नाकातून पोटात घालायच्या नळीबद्दल) स्वतंत्र लिहायलाच हवं. डोक्याचा मार असलेला रुग्ण उलट्या करतोय, पोट रिकामं करायचंय, आणि सवयीने हात नाकाकडे जातो. पुढची पायरी, म्हणजे नाकाचं छप्पर, तुटलेली असेल तर ती नळी मागे घशात न वळता वर कवटीत शिरू शकते. अशा घटना वैद्यकीय वाङ्मयात नोंदलेल्या आहेत, आणि एक्स-रेवर मेंदूत वेटोळं घातलेली नळी दिसते. म्हणून चेहऱ्याला किंवा डोक्याला मोठा मार असेल तर सीटी बघेपर्यंत नळी तोंडातून. ट्रॉलीला ‘नाकातून काही घालू नये’ अशी चिठ्ठी चिकटवली तर पाळी बदलताना घोळ होत नाही. नाकातून सक्शनही नाही.

---

गोरखचिंच

@रात्रपाळी, पूर्ण सहमत. एक भर: नाकातून घालायचा मऊ एअरवे हाही टाळायचाच. पण जबडा घट्ट आवळलेला आहे, तोंडातून काहीच जात नाही आणि ऑक्सिजन उतरतोय अशा वेळी श्वास आधी. तिथे अनुभवी हाताने तो जपून घालणं हा पर्याय उरतो. ‘कधीच नाही’ हा नियम करून रुग्ण गुदमरू देऊ नये.

तसंच मास्कने दाबाखाली हवा देणं, सीपॅप वगैरे. फटीतून हवा कवटीत ढकलली जाऊ शकते. श्वास द्यावाच लागणार असेल तर लवकर तोंडातून ट्यूब टाकणं बरं.

---

शेवंती

नाकातून येणारं पाणी मेंदूचं (म्हणजे मेंदूभोवती असणारं) की साधी सर्दी, हे वॉर्डात ओळखायचं कसं? गॉजवर थेंब टाकून ‘रिंग’ बघतात, साखरेची पट्टी लावतात. यावर किती विसंबावं?

---

कर्णफूल

ईएनटीच्या बाजूने.

रिंग म्हणजे मध्ये रक्ताचा लाल ठिपका आणि भोवती फिकट कडं. रक्तात कुठलंही पातळ पाणी मिसळलं तरी असं कडं येतं: अश्रू, सलाईन, नाकाचा स्राव. संशय घ्यायला पुरे, पण निदान म्हणून लिहू नये.

ग्लुकोमीटरची पट्टी तर सोडूनच द्या. रक्तात साखर असतेच, आणि नाकाच्या स्रावात आणि अश्रूंमध्येही पट्टी रंगवण्याइतकी साखर सापडते.

घरगुती वाटली तरी उपयोगी एक खूण: स्राव स्वच्छ रुमालावर घेऊन वाळू द्या. शेंबडात चिकट द्रव्य असतं, म्हणून रुमाल वाळल्यावर खळ घातल्यासारखा कडक होतो. मेंदूचं पाणी वाळलं की कापड मऊच राहतं. दुसरी खूण आसनाची: रुग्णाला बसवून हनुवटी छातीला टेकवून थोडा वेळ पुढे वाकायला सांगायचं. टपटप सुरू झालं तर संशय पक्का. मानेला इजा नाही हे ठरल्यावरच करा.

खात्रीची तपासणी म्हणजे बीटा-२ ट्रान्सफेरिन, मेंदूच्या पाण्याची ओळख पटवणारं प्रथिन. साधारण अर्धा ते एक मिली स्राव साध्या निर्जंतुक बाटलीत गोळा करून पाठवायचा. सगळीकडे होत नाही आणि रिपोर्टला वेळ लागतो. तोवर उपचार थांबत नाहीत.

एक फसवी गोष्ट. कानाचं हाड तुटलंय पण पडदा शाबूत आहे, तर पाणी कानातून बाहेर येत नाही. ते कान आणि घसा जोडणाऱ्या नळीतून खाली उतरून नाकातून येतं. मग सगळे नाकाचं छप्पर शोधत बसतात आणि गळती असते कानात. म्हणून नाकातून पाणी येत असलं तरी दोन्ही कानांचे पडदे बघा.

आणि उलट फसवणूक: हनुवटीवर पडलेल्या माणसाच्या कानातून रक्त येतं, कारण जबड्याचं डोकं मागे सरकून कानाच्या नळीची पुढची भिंत फाडतं. तोंड पूर्ण उघडता येतंय का, दात जुळतायत का, हे बघा. दोन्ही इजा एकत्रही असू शकतात.

---

जाडभिंग

सीटीबद्दल. साधा एक्स-रे इथे कामाचा नाही. ५ मिमी जाडीच्या काप्यांचा नेहमीचा ‘ब्रेन’ सीटीही तळाची बारीक चीर सोडून देतो. मागणीपत्रावर ‘तळाच्या फ्रॅक्चरचा संशय’ असं लिहा, म्हणजे १ मिमी किंवा त्याहून पातळ काप्या, हाडाची विंडो (हाड ठळक दिसेल अशी प्रतिमा) आणि समोरून व बाजूने पुनर्रचना मिळते. नाकाच्या छपराची चीर समोरून केलेल्या काप्यांवरच नीट दिसते.

चीर दिसली नाही तरी तिच्या पाऊलखुणा दिसतात. कवटीत हवेचे काळे बुडबुडे, कानामागच्या हाडाच्या हवेच्या कप्प्यांत पाणी, सगळ्यांत मागच्या सायनसमध्ये रक्ताची पातळी. यातलं काही असेल तर पुन्हा चीर शोधायची. आणि हाडाच्या शिवणींना फ्रॅक्चर म्हणू नये. शिवण दोन्ही बाजूंना सारखी असते आणि तिच्या कडा गुळगुळीत, पांढरट असतात.

चीर कॅरोटिडच्या बोगद्यातून किंवा मधल्या उताराच्या हाडातून जात असेल तर त्याच वेळी सीटी अँजिओ (धमन्यांचा सीटी) सुचवा. धमनीचा आतला पापुद्रा फाटला तर त्यावर गुठळी बसते आणि काही तासांनी किंवा दिवसांनी अर्धांग होतो. पहिल्या सीटीत मेंदू छान, दुसऱ्या दिवशी हात-पाय गेले, अशा कहाणीमागे बऱ्याचदा हेच असतं.

---

सह्यकडा

@जाडभिंग, धमनीच्या दोन उशिराच्या गोष्टी जोडतो. कॅरोटिड फाटून शेजारच्या शिरेच्या पोकळीत उघडली तर काही दिवसांनी डोळा पुढे येतो, लाल होतो, रुग्णाला डोक्यात नाडीबरोबर ‘सूं-सूं’ आवाज ऐकू येतो, आणि पापणीवर स्टेथोस्कोप ठेवला तर तो आपल्यालाही ऐकू येतो. डोळ्याचे थेंब देत बसू नये. मांडीतून तार नेऊन आतून बंद करावं लागतं. दुसरी: काही आठवड्यांनी अचानक धो-धो नाकातून रक्त, त्यात एका डोळ्याची नजर आधीच गेलेली. धमनीला फुगा आलेला असू शकतो. असा रुग्ण थेट धमनीच्या तपासणीला.

आता अँटिबायोटिकचा प्रश्न, कारण वाद तिथेच होतो. ‘कवटी उघडी आहे, मग मेंदूज्वर होऊ नये म्हणून सुरू करूया’ ही सवय जुनी आहे. कॉक्रेन या संस्थेने अनेक चाचण्या एकत्र तपासून केलेल्या आढाव्यात पाण्याची गळती असो वा नसो, प्रतिबंधक अँटिबायोटिकचा फायदा सिद्ध झालेला नाही. तोटा असा की नाकातले सौम्य जंतू मरतात, चिवट उरतात, आणि मेंदूज्वर झालाच तर हाताशी असलेलं औषध चालत नाही.

---

शेवंती

@सह्यकडा, पण नातेवाईक विचारतात, ‘एवढं फ्रॅक्चर आहे आणि तुम्ही साधी अँटिबायोटिक पण देत नाही?’ आणि जखम मातीची असते तेव्हा?

---

सह्यकडा

मातीची जखम, आत दबलेलं हाड, ऑपरेशन, यांना अँटिबायोटिक त्यांच्या नियमाने द्यायचं. मी फक्त बंद कातडीखालच्या तळाच्या चिरेबद्दल बोलतोय.

नातेवाइकांना त्याऐवजी तीन गोष्टी सांगता येतात. एक, न्यूमोकोकसची लस, कारण या मेंदूज्वरात तोच जंतू सर्वांत जास्त सापडतो. मेंदूच्या पाण्याची गळती असलेल्यांना ती देण्याची शिफारस आहे. दोन, ताप, मान आखडणं, वाढती डोकेदुखी, उजेड सहन न होणं, गुंगी, यावर लक्ष. यातलं काही दिसलं की लगेच कल्चर (जंतूंची तपासणी) आणि अँटिबायोटिकचा पहिला डोस, सीटीची वाट बघत डोस लांबवायचा नाही. तीन, गळती थांबवणं.

गळतीबद्दल: शरीर दिवसाला सुमारे ५०० मिली मेंदूचं पाणी तयार करतं आणि एका वेळी साधारण १५० मिलीच असतं. म्हणून थोडं गळलं तरी लगेच संपत नाही, पण दाब उतरला की बसल्यावर डोकं ठणकतं. मारानंतरच्या बहुतेक गळत्या आठवडाभरात आपोआप थांबतात, कानाच्या तर जवळजवळ सगळ्या. सात दिवसांपुढे चालू राहिली तर मेंदूज्वराचा धोका चढत जातो, तेव्हा पुढचं पाऊल.

पहिला आठवडा पलंगाचं डोकं ३० अंश वर. कुंथायला लागू नये म्हणून इसबगोल किंवा लॅक्ट्युलोज. खोकल्यावर औषध. नाक शिंकरायचं नाही, पुसायचं. शिंक आली तर तोंड उघडं ठेवून. तपकीर बंद. जलनेती, कपालभाती, भस्त्रिका पूर्ण बंद. हे मुद्दाम विचारा, कारण रुग्ण ‘डोक्याला बरं वाटावं’ म्हणून घरी गेल्यावर हेच सुरू करतो.

नाही थांबलं तर कमरेतून ड्रेन (मेंदूचं पाणी काढायची नळी), तासाला ५ ते १० मिली, मोजून. पिशवी पलंगाखाली सरकली आणि एका तासात ५० मिली गेलं तर कवटीत उलटा ओढा तयार होतो. फटीतून हवा आत शिरते, डोकं भयंकर दुखतं, रुग्ण गुंगतो. म्हणून पिशवीची उंची प्रत्येक वेळी पलंग हलवल्यावर तपासायची आणि रुग्णाला उठवायच्या आधी क्लॅम्प करायचं. त्यानेही नाही तर नाकातून दुर्बिणीने मांडीचं आवरण, चरबी किंवा नाकाच्या पडद्याचा तुकडा लावून भोक बुजवतात. अनुभवी हातात १० पैकी ९ हून जास्त वेळा यश येतं.

---

कर्णफूल

नसांकडे वळूया. चेहरा.

कॅज्युअल्टीत पहिल्या तपासणीतच ‘डोळे घट्ट मिटा, दात दाखवा’ करून घ्या आणि वेळ लिहा. या एका ओळीवर पुढचा सगळा निर्णय ठरतो. आल्यावर चेहरा ठीक होता आणि दोन दिवसांनी वाकडा झाला, तर नस सुजलेली आहे, तुटलेली नाही. बहुतेक वेळा ती परत येते. मार लागताक्षणी पूर्ण बाजू गेली असेल तर नस हाडात चिरडलेली किंवा तुटलेली असू शकते. ७२ तासांनंतर नसेची विजेची तपासणी करतात, आणि दोन आठवड्यांच्या आत ९० टक्क्यांहून जास्त तंतू गेलेले दिसले तर नस मोकळी करण्याच्या ऑपरेशनचा विचार होतो. रुग्ण बेशुद्ध होता म्हणून नोंदच नसेल तर हा फरक कायमचा हरवतो. बेशुद्ध असला तरी वेदना दिल्यावर दोन्ही गाल सारखे आकसतात का, हे दिसतं.

डोळा मिटत नसेल तर पहिल्या दिवसापासून दिवसा थेंब, रात्री मलम आणि टेप. चेहरा नंतर सुधारतो, सुकलेलं बुबुळ सुधारत नाही.

ऐकणं: ५१२ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क वाजवून कपाळाच्या मध्यावर. आवाज मार लागलेल्या कानाकडे ओढला गेला तर कारण पडद्यामागचं रक्त किंवा कानातल्या बारीक हाडांची निसटलेली साखळी. रक्त काही आठवड्यांत जिरतं. दोन-तीन महिन्यांनीही कमी ऐकू येत असेल तर साखळी निसटलेली असू शकते, ती जोडता येते. आवाज चांगल्या कानाकडे गेला तर आतल्या कानाला इजा, आणि त्यात चक्कर असेल तर संशय दुप्पट.

---

गोरखचिंच

आणि नजर. टॉर्च आळीपाळीने दोन्ही डोळ्यांवर फिरवायचा. एका डोळ्यावर प्रकाश आला की बाहुली लहान व्हायच्या ऐवजी मोठी होत असेल तर त्या डोळ्याच्या नसेला इजा. पापण्या सुजून बंद झाल्यावर हे बघणं अवघड होतं, म्हणून आल्याआल्या बघा. इथे मोठ्या डोसच्या स्टेरॉइडचा मोह टाळा. २००४ च्या ‘क्रॅश’ नावाच्या औषध-चाचणीत डोक्याच्या मारात मिथाइलप्रेड्निसोलोन हे स्टेरॉइड दिलेल्या रुग्णांचे मृत्यू जास्त झाले: २१.१ टक्के, विरुद्ध १७.९ टक्के.

---

रात्रपाळी

वासाचं राहिलं. नाकाच्या छपरातल्या बारीक नसा झटक्यातच तुटतात, त्यामुळे वास जाणं हे वारंवार होतं आणि कुणी तपासत नाही. तपासताना कॉफीची पूड, आंघोळीचा साबण, वेलची, एकेक नाकपुडी बंद करून. बाम किंवा अमोनिया वापरू नका, त्यांची झणझण वेगळ्या नसेला जाते आणि वास नसलेला माणूसही ‘येतोय’ म्हणतो. फक्त हुंगायला सांगायचं, नाक शिंकरायला नाही.

वास गेलेल्या माणसाला गॅस गळती कळत नाही. डिस्चार्जच्या वेळी घरच्यांना सांगा: रात्री रेग्युलेटर बंद, स्वयंपाकघरात एकट्याने शेगडी पेटवू नये, शक्य असेल तर गॅस डिटेक्टर. शिळं अन्न कळत नाही, तर डब्यावर तारीख.

---

पायवाट

कागदपत्रांबद्दल एक. अपघात किंवा मारामारी असेल तर एमएलसी (पोलिसांना कळवायची वैद्यकीय-कायदेशीर नोंद) होणारच. भारतीय न्याय संहितेच्या कलम ११६ नुसार हाड मोडणं ही गंभीर दुखापत धरली जाते. साध्या एक्स-रेवर ‘फ्रॅक्चर नाही’ लिहून इंज्युरी सर्टिफिकेट दिलं आणि नंतर सीटीत तळ मोडलेला निघाला, तर रुग्णाची कोर्टातली आणि विम्याची बाजू लंगडी पडते. सीटीच्या रिपोर्टची प्रत आणि सीडी जपायला सांगा.

---

शेवंती

दोन छोटे प्रश्न. घरी गेल्यावर विमानप्रवास कधी? आणि डिस्चार्ज कार्डवर नेमकं काय लिहायचं?

---

सह्यकडा

कवटीत हवा असेल तर ती पुन्हा केलेल्या सीटीत गेलेली दिसेपर्यंत विमान नाही. उंचीवर केबिनचा दाब उतरतो आणि अडकलेली हवा फुगते. पाणी गळत असेल तरीही नाही. गावाला जायचंच असेल तर रेल्वे.

---

रात्रपाळी

कार्डवर मोठ्या अक्षरात, मराठीत: ‘नाकातून किंवा कानातून पाणी आलं, ताप आला, मान आखडली, डोळा लाल होऊन पुढे आला, चेहरा वाकडा झाला, दोन-दोन दिसू लागलं, तर लगेच या. काही महिन्यांनी आलं तरी या, आणि डोक्याला मार लागला होता हे सांगा.’ शेवटचं वाक्य गाळू नका. मेंदूज्वर वर्षांनंतरही होऊ शकतो आणि तेव्हा समोरच्या डॉक्टरला जुना अपघात माहीत नसतो.

आणि घरच्या माणसाला एवढं शिकवून पाठवा: रोज सकाळी उशीचा अभ्रा बघायचा. एकाच बाजूला ओला गोल डाग आहे का, वाळल्यावर ते कापड मऊ आहे की कडक. मऊ असेल तर अभ्रा धुवायला न टाकता सोबत घेऊन यायचं.